किती माणसांच्या अंतरावर

परळच्या डबक चाळीत राहणारा एक विद्यार्थी आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातले महाराज यांच्यात १९०८च्या सुमारास किती माणसांचे अंतर असेल? पैसा, जात, भाषा, शिष्टाचार अशा कोणत्याही मापाने मोजले तरी हे अंतर मोजता येणार नाही इतके मोठे होते. माणसांच्या ओळखीने मोजले तर मध्ये एक, फार तर दोन माणसे होती. विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. मधल्या माणसाचे नाव कृष्णराव अर्जुन केळुस्कर.

केळुस्कर मुंबईत शिक्षक होते. मराठीतले पहिले विस्तृत शिवचरित्र लिहिणारे लेखक म्हणूनही त्यांची ख्याती होती. सुभेदार रामजींचे ते स्नेही. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेस पडला आणि ते त्याला आपल्याकडची पुस्तके देऊ लागले, ही हकीकत चरित्रांतून सर्वपरिचित आहे. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुस्करांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. मराठी चरित्रांत या कामी दामोदर सावळाराम यंदे यांचेही नाव येते. यंदे प्रकाशन व्यवसायातले आणि महाराजांकडे जाणे-येणे असलेले गृहस्थ. महाराजांनी तरुणाला बोलावून चार प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली.

जगातली कोणतीही दोन माणसे ओळखीच्या, आश्चर्य वाटावे इतक्या लहान साखळीने जोडलेली असतात, ही कल्पना हंगेरीचा लेखक फ्रिजेश कारिंथी याने १९२९मध्ये एका कथेत मांडली. तिची कसोटी अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्राम यांनी १९६०च्या दशकात घेतली. नेब्रास्का आणि बॉस्टनमधल्या माणसांना त्यांनी एक पाकीट दिले आणि ते मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेअर दलालापर्यंत पोहोचवायला सांगितले. अट एकच : पाकीट फक्त अशाच माणसाकडे द्यायचे, ज्याला आपण नावाने ओळखतो. १९६९मध्ये त्यांनी सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार २९६ जणांपासून सुरुवात झाली आणि ६४ पाकिटे पोहोचली. पोहोचलेल्या पाकिटांना मध्ये सरासरी ५.२ माणसे, म्हणजे सुमारे सहा टप्पे, लागले. त्यांपैकी जवळजवळ निम्मी पाकिटे शेवटच्या टप्प्यावर त्याच तीन माणसांच्या हातून गेली.

या प्रयोगातला सहाचा आकडा जगभर गाजला. मला मात्र न पोहोचलेली पाकिटे जास्त बोलकी वाटतात. रस्ता अस्तित्वात होता, पण कुणीतरी पाकीट टेबलावर ठेवले आणि ते तिथेच राहिले. ओळखीची साखळी असणे हा गणिताचा भाग झाला. तिच्यावरून एखादी गोष्ट पुढे सरकण्यासाठी प्रत्येक कडीला थोडी तसदी घ्यावी लागते, थोडी पत पणाला लावावी लागते. केळुस्करांनी ती लावली. मुलगा नापास झाला असता तर महाराजांपुढे शब्द त्यांचाच गेला असता.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये याच कोड्याची दुसरी बाजू उलगडली. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावी त्यांनी नोकरी बदललेल्या लोकांना विचारले की, ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली त्याची तुमची भेट कितीदा होत असे? वारंवार भेट होत असे, असे सांगणारे १७ टक्क्यांहून कमी निघाले. ५५ टक्क्यांहून जास्त लोकांना खबर मिळाली ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि सुमारे २८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याकडून. कारण उघड आहे. आपल्या घट्ट वर्तुळातल्या सगळ्यांना साधारण तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. नवी वाट दाखवतो तो दोन वर्तुळांत पाय असलेला माणूस. २०२२मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवरील प्रयोगांतूनही हेच दिसले, फक्त एका बारकाव्यासह : अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम सैल ओळख अधिक कामाची. केळुस्कर वडिलांचे स्नेही, म्हणजे नेमके त्याच अंतरावरचे. चाळीतली माया, भावकीचा आधार भीमरावांना होताच. पण त्या घट्ट धाग्यांपैकी एकही राजवाड्यापर्यंत पोहोचत नव्हता.

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाला बडोदे का होते, तेही पाहिले पाहिजे. सयाजीराव स्वतः दोन जगांचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी गायकवाड घरात १८६३मध्ये गोपाळ म्हणून जन्मलेला मुलगा १८७५मध्ये महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला. १८८१च्या अखेरीस कारभार हाती आला आणि लगोलग अस्पृश्य मुलांसाठी सरकारी शाळा निघाल्या. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३मध्ये अमरेली भागात आणि १९०६मध्ये संस्थानभर लागू झाले. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मधला मजकूर महाराजांना वाचून दाखवला होता. विठ्ठल रामजी शिंदे यांना शिक्षणासाठी बडोद्याची मदत मिळाली. त्यांनी १९०६मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले गेले आणि पेट्यांतून फिरती वाचनालये खेड्यापाड्यांत जाऊ लागली. ओळखींच्या शास्त्रात अशा ठिकाणाला गाठ म्हणतात : जिथे पुष्कळ धागे येऊन मिळतात आणि जिथून पुष्कळ धागे निघतात. महाराष्ट्रातल्या सुधारणेचे कितीतरी धागे बडोद्याच्या गाठीतून गेले आहेत, आणि हे आपल्या शालेय इतिहासात पुरेसे ठळकपणे सांगितले जात नाही याची मला खंत वाटते.

जून १९१३मध्ये भीमरावांनी परदेशी शिक्षणासाठी संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची चाकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे कोलंबिया विद्यापीठात साखळीला नव्या कड्या जोडल्या गेल्या : अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन आणि नवल भथेना नावाचा पारशी मित्र. हा मित्र पुढे फार मोलाचा ठरणार आहे.

मे १९१६मध्ये कोलंबियात मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात पंचविशीतल्या भीमरावांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तो आज जाळ्यांच्या शास्त्राच्या नजरेने वाचला की थक्क व्हायला होते. जात म्हणजे दार लावून घेतलेला वर्ग, आणि ते दार लावले जाते विवाहसंबंध बंद करून, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणजे जातीची व्याख्या त्यांनी माणसांच्या अंगभूत गुणांवरून केली नाही, तर माणसांमधल्या तोडलेल्या दुव्यांवरून केली. एका वर्गाने दार लावले की शेजारचे वर्ग अनुकरणाने आपापली दारे लावू लागतात, हे सांगताना त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचा आधार घेतला : अनुकरण अंतराच्या व्यस्त प्रमाणात होते, जो जवळ, तो जास्त अनुकरण करतो. सामाजिक अंतरानुसार वागणूक कशी पसरते, हा प्रश्न संगणकांच्या मदतीने सोडवायला पुढे नव्वद वर्षे लागली.

ते काम ज्यांच्या नावावर जमा आहे ते म्हणजे निकोलस क्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावी १९४८पासून हृदयरोगाचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या नोंदींत प्रत्येकाचे नातलग आणि मित्र कोण, हेही लिहिलेले होते. १२,०६७ माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी जोडून या दोघांनी २००७मध्ये दाखवले की, लठ्ठपणासुद्धा ओळखींच्या धाग्यांवरून गटागटाने आढळतो आणि मित्राच्या मित्राच्या मित्रापर्यंत, म्हणजे तीन पायऱ्यांपर्यंत त्याची छाया दिसते. यावर आक्षेपही आले आणि ते वजनदार होते. समान स्वभावाची माणसेच एकमेकांशी मैत्री करतात. मग प्रभाव कोणता आणि निवड कोणती, हे निव्वळ नोंदींवरून वेगळे काढता येत नाही, असे संख्याशास्त्रज्ञांनी सप्रमाण दाखवले.

त्यामुळे मला क्रिस्ताकिस आणि फाउलर यांचा २०१०चा दुसरा निबंध अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो प्रयोगावर उभा आहे. प्रयोग म्हणजे एक खेळ होता. त्यात अनोळखी माणसांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले होते आणि दर फेरीत गट बदलत होते, त्यामुळे मित्र निवडण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येकाने स्वतःच्या पैशातून सामायिक निधीत किती घालायचे ते ठरवायचे. एकाने सढळ हाताने दिले की त्याच्या गटातले लोक पुढच्या फेरीत, दुसऱ्याच माणसांबरोबर खेळताना, जास्त देत. आणि त्यांच्यामुळे तिसरेही. पहिल्याने जितके जास्त दिले त्याच्या तिप्पट भर पुढच्या माणसांच्या हातून पडत गेली. देणाऱ्याने ज्यांना कधी पाहिलेही नाही, अशांच्या हातून. माणसाच्या चांगुलपणाविषयी विज्ञानाने सांगितलेल्या गोष्टींत ही मला सर्वांत विलक्षण वाटते. टांझानियातल्या हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांत २०१२मध्ये झालेल्या अभ्यासात १७ वस्त्यांतल्या २०५ माणसांना मधाच्या कांड्या वाटायला दिल्या, तेव्हाही हेच दिसले की देणारे देणाऱ्यांच्या सोबत राहतात. शेती, शहर, बाजार हे सगळे येण्याच्या आधीपासून आपली जाळी अशीच विणली जात असावीत.

आता सप्टेंबर १९१७. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे कोलंबियानंतर लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेब कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा नाही. पारशी लोकांची एक खाणावळ-वजा धर्मशाळा होती, तिचा रखवालदार दीड रुपया रोजावर तयार झाला. अट अशी की नोंदवहीत पारशी नाव लिहायचे. ते लिहिले गेले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली आणि शेजारी मोडक्या सामानाने भरलेले दालन. वीज नाही, रात्री कंदील. दिवसा कचेरीत शिपाई कागद लांबूनच टाकत. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी, आदल्या रात्री आणलेली पुस्तके ग्रंथालयात परत करण्यासाठी ते हातात घेत होते, तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली आणि डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची, असे फर्मावून ते गेले.

बडोद्यात बाबासाहेबांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघे सुशिक्षित, दोघांना वाईट वाटले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राचे घराणे मूळचे ब्राह्मण. त्याने पत्नी परगावाहून येईल, तिला विचारून सांगतो, असे सांगितले. बाबासाहेबांना त्याचा अर्थ पुढे कळला. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढले. ही सगळी हकीकत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात.

या प्रसंगाकडे जाळ्याच्या अंगाने पाहिले तर दोन्ही नकार कुठून आले ते नीट दिसते. मित्राला नोकराची भीती. नोकराला त्याच्या जातभाईंची. दुसऱ्या मित्राला पत्नीची भीती आणि पत्नीला जुन्या गोतावळ्याची. प्रत्यक्ष समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात सहानुभूती होती, पण त्याच्या मागच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरून दडपण वाहत होते. देण्याची वृत्ती ज्या तीन पायऱ्यांवरून चढते, त्याच पायऱ्यांवरून भीतीही उतरते. महाराजांची इच्छा, मित्रांची कळकळ खरी होती. पण महाराज आणि रखवालदार यांच्यामधल्या शेकडो कारकून, शिपाई, घरमालकांचे धागे जातीच्या दाराआड बंद होते. वरून सोडलेला चांगुलपणा त्या दारांशी अडला.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२मध्ये फेसबुकवरच्या ७ कोटी २२ लाख लोकांच्या २१ अब्ज मैत्रीसंबंधांचा अभ्यास केला. गरीब घरातले मूल पुढे वर येईल की नाही, हे ओळखायला त्या भागात गरीब आणि सुस्थितीतली माणसे एकमेकांचे मित्र आहेत का, हे पाहणे सर्वांत उपयोगी ठरले. या मैत्रीच्या आड दोन गोष्टी येतात आणि दोन्हींचा वाटा साधारण निम्मा-निम्मा : एक, दोघे एकाच शाळेत किंवा वस्तीत कधी भेटतच नाहीत, आणि दोन, भेटले तरी मैत्री करत नाहीत. बडोद्याच्या कचेरीत पहिला अडसर महाराजांच्या हुकमाने दूर झाला होता. टेबल शेजारी-शेजारी आले होते. दुसरा हुकमाने दूर होणारा नव्हता.

पण १९१६च्या निबंधातली बंद दारे आणि २०१०च्या खेळातला दानशूरपणा यांना जोडणारा एक धागा आणखी आहे. २०११मध्ये डेव्हिड रँड, सॅम्युएल आर्ब्समन आणि क्रिस्ताकिस यांनी असाच देण्या-घेण्याचा खेळ मांडला. काही गटांत कोणाशी जोडलेले राहायचे हे ठरलेले होते; काहींत ते पुनःपुन्हा बदलण्याची मुभा होती. बदलण्याची मुभा नव्हती तिथे सहकार्य हळूहळू आटत गेले. मुभा होती तिथे ते टिकले, कारण स्वार्थी माणसाशी दुवा तोडून देणाऱ्याशी नवा दुवा जोडता येत होता. चांगुलपणा टिकायला स्वभावाइतकीच ही मोकळीक लागते. जन्माने सोबती ठरवणारी व्यवस्था नेमकी तीच काढून घेते.

बाबासाहेबांनी ती मोकळीक झगडून मिळवली. १९१८मध्ये सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२०मध्ये शाहू महाराजांच्या साहाय्याने ‘मूकनायक’, आणि त्याच वर्षी अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडन. या प्रवासासाठी पाच हजार रुपये उसने दिले ते नवल भथेना यांनी. पारशी धर्मशाळेतून काठ्या दाखवून बाहेर काढलेल्या माणसाला पारशी मित्राने जहाजावर चढवले. समाज एकच, पण पहिल्या ठिकाणी माणसांना फक्त जात दिसत होती आणि दुसऱ्या ठिकाणी कोलंबियातल्या सहवासाने तयार झालेला एक दुवा होता. १९२५मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवहारावरचा ग्रंथ बाबासाहेबांनी सयाजीराव महाराजांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे. बडोद्याने दिलेल्या यातना आणि बडोद्याने दिलेला हात या दोन्ही गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या लिहिल्या, एकीने दुसरी पुसली नाही.

ओळखींचे हे शास्त्र आज कामालाही लावले जाते. मुंबईतल्या निवासी इमारतींमध्ये क्रिस्ताकिस यांच्या चमूने रक्तक्षयावरच्या लोहयुक्त मिठाचा प्रसार कसा करावा, याचा प्रयोग केला. निष्कर्ष २०२२मध्ये आले. सुटी माणसे निवडण्यापेक्षा एखादी बाई आणि तिने सांगितलेली तिची मैत्रीण अशा जोडीला आधी माहिती दिली की मिठाचा वापर अधिक पसरला. कर्नाटकातल्या खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना साधा प्रश्न विचारला : एखादी बातमी गावभर करायची तर कोणाला सांगाल? लोकांनी सांगितलेली नावे अचूक निघाली. गावाचा नकाशा कोणाच्या हातात नसतो, तरी कुठला धागा कुठे जातो हे लोकांना माहीत असते.

भीमरावांना बडोद्याशी जोडणाऱ्या साखळीत एक वस्तूही आहे. केळुस्करांनी भीमरावांच्या शालेय यशाच्या सत्कारसभेत त्यांना स्वतः लिहिलेले मराठी बुद्धचरित्र भेट दिले. चरित्रकार ही सभा १९०७च्या मॅट्रिकनंतरची मानतात. बाबासाहेबांनी स्वतः ती इंग्रजी चौथी पास झाल्यावरची म्हणून लिहिली आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी त्यांनी अखेरच्या वर्षी जी प्रस्तावना लिहिली, तीत हे पुस्तक आपल्याला बुद्धाकडे घेऊन गेले, असे ते सांगतात आणि आणखी एक तपशील देतात : केळुस्करांनी ते बडोद्याच्या सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिले होते. म्हणजे शिष्यवृत्तीच्या आधीच बडोदे त्या मुलाच्या हातात होते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला. केळुस्कर १९३४मध्ये आणि सयाजीराव १९३९मध्ये निवर्तले होते. एका भेटीचा परिणाम अर्ध्या शतकानंतर, आणि तोही देणाऱ्याच्या ओळखीबाहेरच्या लाखोंपर्यंत पोहोचला. हे मोजायला फ्रॅमिंगहॅमची ३२ वर्षेही पुरी पडली नसती.